बाबांची चेतक का अडखळते?

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही काय करता? मल्टिप्लेक्स? कोरेगाव पार्कात कॉफी? की सरळ उशीला मिठी? मी सांगते, मी काय केलं. गेले तीन शुक्रवार मी शिवाजीनगरहून एसटी पकडली, चाकणचं ट्रॅफिक सोसलं, मंचरला उतरून घोडेगावच्या जीपमध्ये कोंबून बसले आणि रात्री घरी पोचले. कारण? बॉयफ्रेंड नाही, लग्न नाही, जमिनीची वाटणीही नाही. कारण एक स्कूटर. बजाज चेतक, १९९६ चं मॉडेल, माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी.

तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी एके काळी ही गाडी होती, त्यामुळे फार ओळख करून द्यायला नको. १९७२ मध्ये चेतक आली, आपल्या आकुर्डीत बनली. तेव्हा नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. किक बसली नाही की ती तिरकी करायची, हा विधी तर आख्ख्या महाराष्ट्राला पाठ. २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये तेच नाव घेऊन इलेक्ट्रिक चेतक आली, पण ती न धूर सोडते, न तिरकी करावी लागते. म्हणजे नावाची बहीण, बाकी काही नातं नाही.

आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या वाड्यांमध्ये त्यांची बरीचशी नोकरी गेली. पावसाळ्यात त्या भागात ढग रस्त्यावर उतरतात. अशा धुक्यातून ते रोज या स्कूटरवरून गेले आणि आले. पुढे उभी राहून हँडल धरणारी मी, मागे आई, तिच्या मांडीवर दादा, डिकीत भाजी. आमची पहिली फॅमिली कार तीच.

तर झालं असं की, दिवाळीनंतर आईचा फोन आला. नेहमीचे विषय संपल्यावर ती हळूच म्हणाली, "अगं, बाबा हल्ली स्कूटर काढतच नाहीत."

बाबांना फोन दिला. ते म्हणाले, "जाऊ दे गं. अडुसष्ट झाली. आता हातात पहिल्यासारखा अंदाज राहिला नाही."

खोदून विचारल्यावर कळलं ते असं. पेन्शनच्या कामाला बाबा मंचरला जातात. चौकात रस्ता ओलांडायला त्यांनी क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी "भुक्" करून गुदमरली. मागून ट्रकने हॉर्न मारला. एका पोराने ओरडून सांगितलं, "आजोबा, घरी बसा!" असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा परत येताना संध्याकाळी उसाच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी बंदच पडली.

पुण्यात बसून याचं गांभीर्य कळत नाही. आमच्याकडे उसातून जाताना संध्याकाळी गाडी बंद पडणं म्हणजे "अरे यार, उशीर होणार" एवढंच नसतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबटे उसातच जन्माला येतात आणि उसातच वाढतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्र आहे, यावरून काय ते समजा. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली आणि लोकांनी हायवे अडवला. बाबा त्या संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च लावून, मोठ्याने भजनं लावून स्कूटर ढकलत घरी आले. दुसऱ्या दिवशी तिच्यावर गोणपाट पडलं.

दादाचा निकाल तयारच होता. "भंगारात देऊ. मी इलेक्ट्रिक घेऊन देतो. महिनाअखेरीला गिऱ्हाईक येतंय." दादा आयटीत आहे, त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला अपग्रेड हेच उत्तर असतं.

मला गाडीचं एवढं नव्हतं. मला ते "हातात अंदाज राहिला नाही" खटकलं. बाबांनी गाडीचा दोष स्वतःच्या वयावर घेतला होता. आणि खरंच कुणाचा दोष आहे, हे कुणी तपासलंच नव्हतं.

पार्ट बदला, नशीब बदला

म्हणजे, गॅरेज झालं होतं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा प्लग नवा टाकला. दुसऱ्यांदा कार्ब्युरेटर धुतला, "कचरा होता काका" म्हणाले. तिसऱ्यांदा पुन्हा कार्ब्युरेटर धुतला, क्लच केबल बदलली आणि वर ऐकवलं, "बोअर गेलाय. इंजिनचं काम करावं लागेल." आकडा ऐकून आईने देवाचं नाव घेतलं.

यातली गंमत बघा. प्रत्येक वेळी गाडी आठवडाभर झकास चालायची आणि मग पुन्हा तेच. बोअर झिजलेलं इंजिन कार्ब्युरेटर धुतल्यावर आठ दिवस तरुण होतं का? मी मास कॉमवाली, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढा प्रश्न मलाही पडला.

पहिल्या शनिवारी मी ठरवलं, गाडी मी चालवणार, बाबा मागे बसणार आणि आपण जुन्नरला जायचं. तिथल्या पेठेत एक चाचा आहेत, बाबांच्या वयाचे. तरुणपणी नारायणगावच्या तमाशाच्या फडांचे जनरेटर दुरुस्त करायचे, पुढे आयुष्यभर स्कूटरी. आता गॅरेज मुलगा बघतो, चाचा बाकावर बसून चहा पितात.

घरातून निघालो. सपाटीला ठीक. पहिला चढ आला, मी गिअर खाली घेतला, ॲक्सिलरेटर पिळला आणि… भुक्. गाडीने अंग चोरलं. छातीत धस्स झालं. दोन सेकंदांनी तिने झटका मारला आणि पुढे उडी घेतली. पुढच्या तिठ्यावर थांबून निघाले, पुन्हा तेच.

हात माझा होता. वय माझं होतं. आणि गाडी तशीच अडखळली.

मागून बाबा काही बोलले नाहीत. पण आरशात मला दिसलं, ते माझ्या मुठीकडे बघत होते.

दोन मिनिटांत टू-स्ट्रोक

पुढचं कळायला थोडं ज्ञान. कंटाळू नका, तुमच्या घरी आरएक्स-१०० किंवा जुनी लूना असेल तरी उपयोगी पडेल.

चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक. १४५ सीसी, एकच सिलिंडर. आजच्या गाड्यांत ऑइल इंजिनाच्या पोटात वेगळं असतं. इथे तसं नाही. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं. पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या घरात जातं, बेअरिंगला आणि पिस्टनला तेल चोपडतं, मग वर जाऊन जळतं. म्हणजे पेट्रोल हेच अन्न आणि तेच औषध.

आता लक्षात घ्या. पेट्रोल कमी पोचलं, तर दोन गोष्टी एकदम होतात. मिश्रणात हवा जास्त होऊन इंजिन गरम होतं आणि त्याच वेळी ऑइलही कमी पडतं. असंच रेटत राहिलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो, गॅरेजच्या भाषेत "सीज" होतो आणि मागचं चाक जागेवर लॉक. चालत्या गाडीत. म्हणून टू-स्ट्रोकचं अडखळणं हा नखरा नसतो, सूचना असते. असं कधी झालंच तर ताबडतोब क्लच दाबायचा, एवढं मनगटात बसवून ठेवा.

हा फक्त आपल्या चेतकचा आजार नाही बरं का. कॅनडा-अमेरिकेत बर्फावर चालणारी स्नोमोबाइल असते ना, जुन्या स्नोमोबाइलमध्येही बहुतेक टू-स्ट्रोक आणि कार्ब्युरेटर. उन्हाळाभर ती शेडमध्ये उभी राहते, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल आटून चिकट होतं आणि पहिल्या बर्फाला ती अगदी अशीच गुदमरते. आपल्याकडे पावसाळाभर गोणपाटाखाली उभ्या असलेल्या स्कूटरचं तेच. हवामान वेगळं, खोकला एकच.

चाचांचे तीन प्रश्न

चाचांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारलं, "ताई, काय काय बदललं ते नंतर सांगा. अडते कधी ते सांगा."

पहिला प्रश्न, मूठ किती पिळल्यावर अडते? मी म्हटलं, सुरुवातीलाच. अर्ध्याच्या पुढे गेली की पळते. चाचांनी मान डोलावली. थोडी मूठ पिळल्यावर अडखळत असेल तर बहुधा स्लो जेटची तक्रार. पूर्ण मूठ पिळल्यावर मरत असेल तर मेन जेट, टाकीतून पेट्रोल कमी येणं किंवा कार्बनने बुजलेला सायलेन्सर.

दुसरा, थंड असताना की गरम झाल्यावर? दोन्ही वेळा. फक्त गरम झाल्यावर मिसिंग मारत असेल तर संशय इलेक्ट्रिकवर. जुन्या मॉडेलात पॉइंट आणि कंडेन्सर, नंतरच्यांत सीडीआयचा डबा, नाहीतर कॉइल. थंड असताना ठिणगी बरोबर पडते, तापलं की दगा देते.

तिसरा, अडायला लागायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं? बाबा विचार करून म्हणाले, "काही नाही. पेट्रोल गळत होतं, तेवढी पाइप बदलली होती. उन्हाळ्यात." चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. पण बोलले काही नाहीत.

मला हे फार आवडलं. त्यांना उत्तराचा वास आला होता, तरी त्यांनी रांग मोडली नाही. "एका वेळी एकच गोष्ट बघायची," ते मुलाला म्हणाले. "चार बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर आजार कोणता होता ते कळतच नाही."

आधी टाकीचं झाकण. त्याचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. अडखळल्याबरोबर झाकण उघडायचं, "स्स" आवाज आला तर चोर सापडला. आमचं झाकण गप्प.

मग प्लग. काढून बघितला, टोक पांढरट. चहाच्या रंगाचा प्लग म्हणजे तब्येत ठणठणीत, काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरा म्हणजे इंजिन उपाशी आणि तापलेलं. प्लग बॉडीला टेकवून किक मारली, ठिणगी निळी आणि जोरदार. इलेक्ट्रिक सुटलं निर्दोष.

इथे चाचांनी एक मजेदार गोष्ट सांगितली. पूर्वी दारावरून स्कूटर गेली की रेडिओ खरखरायचा, आठवतंय? प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. आणि आमच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना घेऊन आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकणारी दुर्बीण. माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. ज्यांना आकाशगंगा ऐकायच्यात त्यांच्यासाठी आमची चेतक म्हणजे लायब्ररीत वाजणारा ढोल. प्लगच्या टोपीत रेझिस्टर असतो, तो हाच गोंगाट दाबायला.

मग आली खरी परीक्षा. चाचा स्वतः गाडीवर बसले. पेठेतून एक फेरी मारली. अडखळली की हात खाली घालून चोक थोडा ओढला आणि काय आश्चर्य, गाडी सरळ झाली! चोक म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवणं. चोक ओढल्यावर सुधारते म्हणजे गाडी पेट्रोल मागतेय. उलट आणखी बिघडली असती तर पेट्रोल आधीच जास्त. एक पैसा खर्च न करता निम्मे संशयित यादीतून बाद.

आता उरले दोघं. एकतर पेट्रोल कमी येतंय, नाहीतर कुठून तरी हवा आत शिरतेय. क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की इंजिन चोरून हवा ओढतं, आयडलिंग आपोआप चढतं आणि मूठ सोडली तरी गाडी लवकर खाली बसत नाही. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरचं ऑइल आत खेचलं जाऊन धुराचे लोट निघतात. आमच्या गाडीत दोन्ही लक्षणं नव्हती. म्हणजे पेट्रोल.

पाइप!

उजवं साइड पॅनेल काढलं, फिल्टरचं झाकण काढलं, खाली पितळी जेट. स्लो जेट म्हणजे केवढा? त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. चाचांनी तो उजेडासमोर धरला आणि मला दाखवला. भोकाच्या अर्ध्या भागावर काळं काहीतरी. कागदावर फुंकून काढलं, चिमटीत घेतलं, तर माती नव्हती. रबर होतं. पीठ चाळल्यासारखे बारीक कण.

"आता पाइप," चाचा म्हणाले.

चेतकच्या टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत येणारी पाइप वीतभरच असते, पण ती टाकीच्या खाली लपलेली. बदलायची तर सीट काढा, टाकी उचला. किचकट काम. म्हणून कार्ब्युरेटर धुणारे तिला हात लावत नाहीत. टाकी उचलली, पाइप काढली, ब्लेडने उभी चिरली. बाहेरून नवीकोरी. आतून चिकट, फुगलेली, बोट लावलं तर काळं लागलं. उन्हाळ्यात कुणीतरी पेट्रोलची पाइप म्हणून भलतीच साधी रबरी नळी बसवली होती. ती आतून विरघळत होती आणि तिचे कण दर आठवड्याला जाऊन जेटमध्ये बसत होते.

म्हणजे कार्ब्युरेटर धुणारे खोटं बोलत नव्हते. कचरा होताच. फक्त कचरा येतो कुठून, हे तीन वेळांत एकदाही कुणी विचारलं नाही. रोग पाइपमध्ये होता, कार्ब्युरेटरमध्ये तो फक्त दिसत होता. आणि बोअर? चाचांनी अंगठ्याने प्लगचं भोक दाबून किक मारायला लावली, अंगठा उडाला. "बोअर अजून तुमच्या बाबांसारखा आहे," म्हणाले. "उगाच म्हातारा म्हणतात."

बाबा ती चिरलेली पाइप हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे त्या चौकात… माझं चुकत नव्हतं."

मला काही बोलताच आलं नाही. मी चहा आणायला गेले.

प्रेमापोटी जास्त ऑइल

हां, पण बाबा अगदीच निर्दोष सुटले असं समजू नका. चाचांनी सायलेन्सर काढला, तर आत काजळीची खाण. किती ऑइल टाकता? बाबा अभिमानाने म्हणाले, "लिटरला वीस मिली सांगतात, मी चाळीस टाकतो. जुनी आहे ना, जपावं लागतं."

माझ्या आईचं तुपाबाबतचं धोरण डिट्टो हेच आहे. पण इंजिनाचं उलटं गणित आहे. त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की तेवढं पेट्रोल कमी जातं. म्हणजे आधीच उपाशी असलेलं इंजिन आणखी उपाशी, वर धूर, प्लगवर काजळी, सायलेन्सर बुजलेला. दोन टक्के म्हणजे दोनच टक्के, पाच लिटरला १०० मिली. सायलेन्सर जाळून साफ केला आणि आवाज पुन्हा माझ्या लहानपणीसारखा झाला.

आणखी एक गोष्ट चाचांनी बजावली. २०२५ पासून आपल्या पंपांवर मिळतं ते बहुतेक पेट्रोल ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. आमच्या उसाचंच बाळ म्हणा ना! नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या असतात. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं, प्लगच्या रंगावर लक्ष ठेवा. दोन, जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पाइप आणि वॉशर इथेनॉलला टिकणारेच घ्या. तीन, इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नका. उभी ठेवायचीच असेल तर पेट्रोल कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

पण पर्यावरण?

माहितीये, तुम्ही हेच विचारणार. दादानेही विचारलं. आणि तो बरोबर आहे. टू-स्ट्रोक ही घाणेरडी गाडी आहे. ती ऑइल जाळते आणि न जळलेलं थोडं पेट्रोलही सायलेन्सरमधून सरळ बाहेर टाकते. म्हणूनच तर ती रस्त्यावरून गेली. रोज हिंजवडीला जायला कुणी चेतक वापरा असं मी अजिबात म्हणणार नाही. पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, पीयूसी लागते, ते दोन्ही बाबांकडे फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पण आठवड्यातून एकदा मंचर, एकदा घोडेगाव, एवढ्यासाठी चालणारी गाडी नीट ट्यून केलेली असली तर आधीच्यापेक्षा कितीतरी कमी धूर सोडते. एवढा सौदा मला मान्य आहे.

पान कापून डिकीत ठेवा

• मूठ किती पिळल्यावर अडखळते, ते दोन दिवस नीट बघा. लिहून ठेवा.
• टाकीचं झाकण उघडून "स्स" ऐका. फुकट आहे.
• प्लगचा रंग बघा. चहा बरा, कोळसा वाईट, खडू त्याहून वाईट.
• चोक थोडा ओढून बघा. सुधारली तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, बिघडली तर पेट्रोल जास्त.
• कॉकखाली बाटली धरून पेट्रोलची धार बघा. थेंब थेंब असेल तर कॉकची जाळी, पाइप तपासा. इंजिन थंड हवं आणि आसपास विडी-सिगारेट कुणी नको.
• हवा शिरतेय का बघायला इंजिनवर पेट्रोल शिंपडणारे महाभाग असतात. गरम इंजिनवर? प्लीज, नको.
• माळशेज किंवा भीमाशंकरच्या लांब उतारावर मूठ पूर्ण सोडून गिअरमध्ये उतरू नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मध्ये मध्ये थोडी रेस देत जा.
• एका वेळी एकच पार्ट बदला. आणि काढलेला जुना पार्ट घरी घेऊन या.

एकूण बिल? पाइप, वॉशर, सायलेन्सर साफ, मजुरी, सगळं मिळून साडेसहाशे रुपये. ज्या इंजिनच्या कामाचा आकडा सांगितला होता त्यात चाचांचं वर्षभराचं चहापाणी झालं असतं.

दुसऱ्या शुक्रवारी गेले तेव्हा गोणपाट अंगणात वाळत होतं. गाडी धुतलेली होती, पण बाबांनी ती काढली नव्हती. "बघू," म्हणाले. मशीन साडेसहाशेत बरं होतं, माणसाला जरा वेळ लागतो.

तिसऱ्या शनिवारी सकाळी त्यांनी मला उठवलं. "चल, मंचरला जाऊन येऊ. उन्हाच्या आत परत येऊ." ते पुढे बसले, मी मागे. चौकात आलो. डावीकडून ट्रक, उजवीकडून कांद्याचे ट्रॅक्टर. बाबांनी क्लच दाबला, थांबले. फट मिळाली. मी मागे श्वास धरून बसले होते. त्यांनी मूठ पिळली आणि चेतक न अडखळता, सरळ, एका दमात पलीकडे गेली.

पलीकडे पोचल्यावर बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "अजून एकदा जाऊन येऊ का गं?"

आम्ही तो चौक तीनदा ओलांडला. काही काम नव्हतं.

दादाला मी जुन्या पाइपचा फोटो पाठवलाय. भंगारवाल्याला त्याने अजून नाही म्हटलेलं नाही, पण विचारलंय, "तुमचे चाचा माझी जुनी पल्सरही बघतील का?"